अवयवांना नावे लावताना

माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ हा हुकूम इतक्या नेमाने येत असतो, की त्याचा नेमका हेतू काय, हे विचारण्याची गरज आता विद्यार्थ्याला भासत नाही आणि शिक्षकालाही भासत नाही. पचनसंस्था, हृदयाचा उभा छेद, डोळा, कान, वृक्क या ठरीव आकृती. त्यांतील प्रत्येकीला ठरीव सात-आठ नावे. ती नावे पट्टीने आखलेल्या व एकमेकींना न छेदणाऱ्या रेघांच्या टोकाशी एकाखाली एक लिहावयाची, आणि परीक्षकाने ती मोजून गुण द्यावयाचे, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू आहे. त्यात विद्यार्थी काही लबाडी करतो असे नाही. तो आपली सोय पाहतो, आणि अवयव लक्षात ठेवण्याऐवजी नावांचा वरून खाली येणारा क्रम लक्षात ठेवतो. हीच आकृती आडवी करून त्याच्या पुढ्यात ठेवली, किंवा रेघा उजवीकडच्या डावीकडे नेल्या, की जठराचे नाव स्वादुपिंडाला जाऊन चिकटते आणि पित्ताशय भलत्याच ठिकाणी उगवते.

शरीररचनाशास्त्र हे मुळात जागांचे शास्त्र आहे. यकृत म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला ते कोठे आहे, कशाच्या खाली आहे, कशाला टेकलेले आहे आणि त्याच्या पाठीमागे काय दडलेले आहे, हे सांगता आले नाही, तर त्याच्यापाशी यकृताचे केवळ नाव आहे, यकृताचे ज्ञान नाही. म्हणूनच हे शास्त्र शिकविणाऱ्यांपुढे गेली कित्येक शतके एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत उभा राहिला आहे: अवयवाचे नाव अवयवापासून किती अंतरावर ठेवावे, आणि ते तेथे कोणी ठेवावे, गुरूने की शिष्याने? ज्याला आकृती दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो, किंवा ज्याला तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे भासत नाहीत, अशा शिष्याचाही विचार या प्रश्नात करावा लागतो, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले. आणि ते ध्यानात आल्यावर जुन्याच प्रश्नाची काही उत्तरे अधिक चांगली निघाली, हे या प्रकरणात दाखवावयाचे आहे.

मध्ययुगीन इटलीतील विद्यापीठांत शवविच्छेदनाचे पाठ होत, तेव्हा हे अंतर फारच मोठे असे. बोलोन्या येथील मोंदिनो दे लुत्झी याने १३१६ च्या सुमारास शारीराचा जो ग्रंथ लिहिला, तो पुढे दोन शतके पाठ्यपुस्तक म्हणून चालला. आणि त्या काळात रूढ झालेल्या पद्धतीत तीन माणसांत कामाची वाटणी झालेली असे. उंच आसनावर बसलेला आचार्य ग्रंथ वाची, खाली एक न्हावी-शल्यक हातात सुरी घेऊन देह कापी, आणि या दोघांच्या मध्ये उभा राहून तिसरा एक इसम काठीने आचार्याच्या तोंडून निघालेल्या नावाचा अवयव दाखवी. नाव एकाच्या मुखात, अवयव दुसऱ्याच्या हाताखाली आणि या दोहोंचा संबंध तिसऱ्याच्या काठीच्या टोकावर! ग्रंथात प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याने लिहिले होते की खालचा जबडा दोन हाडांचा आणि छातीचे मधले हाड सात तुकड्यांचे. समोरच्या टेबलावर जबड्याचे हाड एकच होते आणि उरोस्थीचे भाग तीनच होते. परंतु वाचणाऱ्याने पाहिले नाही, पाहणाऱ्याला लॅटिन कळत नव्हते आणि काठी धरणाऱ्याने हुज्जत घातली नाही. गॅलेनने स्वतः प्रामुख्याने माकडे व इतर जनावरे फाडली होती, ही गोष्ट त्यामुळे शतकानुशतके पडद्याआड राहिली.

हा पडदा दूर सारणारा आंद्रेआस व्हेसेलियस १५३७ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी पादुआ येथे अध्यापक झाला. तो आसनावरून खाली उतरला, सुरी त्याने स्वतःच्या हाती घेतली आणि काठीवाल्याला रजा दिली. व्याख्यानाच्या ओघात त्याने विद्यार्थ्यांसाठी काढलेली रेखाटने त्यांना इतकी पसंत पडली, की १५३८ मध्ये त्याने यान व्हान काल्कार या चित्रकाराच्या साहाय्याने सहा मोठे तक्ते छापून प्रसिद्ध केले. आणि त्यानंतर पाच वर्षांनी, १५४३ मध्ये, मानवी देहाच्या रचनेवरचा त्याचा सात खंडांचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाझेल येथे योहानेस ओपोरिनुस याच्या छापखान्यातून बाहेर पडला. या ग्रंथातील चित्रे कलावस्तू म्हणून आजही नावाजली जातात. मात्र त्यांच्या शैक्षणिक योजनेकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. व्हेसेलियसने चित्रातील प्रत्येक स्नायूवर, हाडावर, वाहिनीवर रोमन व ग्रीक लिपीतील बारीक अक्षरे बसविली आणि त्या अक्षरांचा तपशील शेजारच्या मजकुरात यादीवार दिला. गावच्या नकाशावर शेताच्या तुकड्यात नुसता सर्व्हे नंबर असावा आणि ते शेत कोणाचे, त्यात पीक काय, त्यावर बोजा किती, हे पाहण्यासाठी तलाठ्याच्या दप्तरातला उतारा काढावा लागावा, तशी ही व्यवस्था होती. तिचा गुण असा, की चित्र स्वच्छ राहते आणि दप्तरात हवा तेवढा तपशील लिहिता येतो. तिचा दोष असा, की वाचकाची नजर चित्र व यादी यांच्यात सारखी हेलपाटे घालते, आणि छायेच्या दाट रेघांत हरवलेले एखादे ग्रीक अक्षर शोधण्यातच त्याचा निम्मा उत्साह खर्ची पडतो. (ज्या लाकडी ठशांवरून ही चित्रे छापली, ते ठसे चारशे वर्षे टिकून दुसऱ्या महायुद्धात म्यूनिकवर झालेल्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले.)

त्याच वर्षी व्हेसेलियसने या महाग्रंथाचा एक संक्षेपही विद्यार्थ्यांसाठी काढला होता आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मूळ ग्रंथाहून कमी नाही. त्याच्या शेवटच्या पानांवर सुटे अवयव छापलेले होते. ते कात्रीने कापून, मागून जाड कागद लावून, मानवी आकृतीवर एकावर एक योग्य क्रमाने चिकटवावेत, अशी सूचना खुद्द व्हेसेलियसने दिली होती. आतडी आधी की वृक्क आधी, हृदय कोणत्या थरात, मोठ्या शिरा कशाच्या मागून गेल्या, याचा निर्णय चिकटवणाऱ्याने स्वतः घ्यावयाचा होता. स्ट्रासबुर्ग येथे हाइनरिख फोख्टहेर याने १५३८ मध्येच उघडझाप करणाऱ्या पाकळ्यांचे असे तक्ते सामान्य लोकांसाठी छापले होते, आणि योहान रेमेलीन याचा १६१९ चा पाकळ्यांचा ग्रंथ तर त्या शतकातील एक नवल म्हणून गाजला. तेव्हा विद्यार्थ्याच्या हाताला काम देणारी आकृती ही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. तिचे वय पावणेपाचशे वर्षांहून अधिक आहे.

आपल्याकडची परंपरा येथे आठवल्यावाचून राहत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृत देह मुंज, कुश इत्यादी तृणांनी वेढून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात आडोशाच्या जागी सात रात्री कुजू द्यावा आणि नंतर वाळा, बांबू इत्यादींच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे एकेक अंग डोळ्यांनी पाहावे, असा स्पष्ट विधी सांगितलेला आहे. ज्याने पाहिले आणि शास्त्रही वाचले त्याचेच ज्ञान वाढते, हा त्यामागचा आग्रह होता. परंतु हे पाहणे पुढच्या पिढ्यांच्या हाती आले ते शब्दांतून. संहितेबरोबर चित्रे आली नाहीत. त्याचा परिणाम असा, की हाडांची संख्या चरक ३६० सांगतो, सुश्रुत ३०० सांगतो, आजचे शास्त्र प्रौढ देहात २०६ धरते, आणि यांतला पुष्कळसा फरक चरकाने दात, दातांची उखळे व नखेही मोजणीत घेतली असल्यामुळे पडलेला आहे, हे यादी वाचून तरी कळते. पण ‘क्लोम’ नावाचा अवयव नेमका कोणता, फुप्फुसाचा भाग, श्वासनलिका, पित्ताशय की स्वादुपिंड, याविषयी विद्वानांचे आजही एकमत नाही. नाव शाबूत राहिले आणि जागा हरवली.

नाव अवयवापासून दूर ठेवण्याची व्हेसेलियसची पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत सर्रास चालली. ती मोडून नाव थेट अवयवाच्या अंगावर लिहिण्याची पद्धत ज्या ग्रंथामुळे सर्वत्र पोहोचली, त्याच्या एका कर्त्याचे उभे कार्यकारी आयुष्य मुंबई इलाख्यात गेले, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या नावाने जगभर ओळखला जाणारा तो ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये निघाला. मजकूर हेन्‍री ग्रे याचा होता, आणि पहिल्या आवृत्तीतली ३६३ चित्रे हेन्‍री व्हँडाइक कार्टर या तरुण डॉक्टराने काढली होती. कार्टर चित्रकाराचा मुलगा होता आणि स्वतः विच्छेदनात मुरलेला होता. त्याने लाकडी ठोकळ्यांवर आकृती उलट्या काढल्या, म्हणजे छापताना त्या सुलट याव्यात. आणि अक्षरे व आकडे यांचा आडपडदा न ठेवता धमनीचे नाव धमनीच्या वळणाने वाहत जाईल, स्नायूचे नाव स्नायूच्या तंतूंच्या दिशेने पसरेल, हाडावर ज्या ठिकाणी स्नायू चिकटतो तेथेच त्या स्नायूचे नाव उमटेल, अशी मांडणी ठेवली. वाचकाची नजर चित्रावरून हलण्याचे कारणच उरले नाही. ग्रंथाच्या दीर्घायुष्याचे श्रेय ग्रेच्या नेटक्या गद्याला जितके आहे, तितकेच या नावांच्या जागांना आहे, असे माझे मत आहे.

कार्टरच्या वाट्याला मात्र त्यातले फार थोडे आले. ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळावयाचे ठरले, कार्टरला एकरकमी १५० पौंड मिळाले, आणि मुखपृष्ठाच्या कच्च्या मुद्रितात त्याच्या नावाची अक्षरे लहान करण्याची काळजीही ग्रेने घेतली. ग्रंथ बाजारात येण्यापूर्वीच कार्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन मुंबईस आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शारीर व शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागला. मध्यंतरी काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून राहिला. पुढे त्याच महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. पायाला जडणाऱ्या ‘मदुरा’ रोगावर, कुष्ठरोगावर आणि पश्चिम हिंदुस्थानातील दुष्काळी तापावर त्याने केलेले संशोधन त्या त्या विषयात मूलभूत मानले जाते. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने चौतिसाव्या वर्षी वारला. कार्टर १८८८ पर्यंत या देशात राबत होता.

आता प्रश्न असा, की नाव अवयवाच्या अंगावर लिहिण्याची कार्टरची पद्धत जर इतकी सोयीची, तर विद्यार्थ्याला छापील नामनिर्देशित आकृती दिली की काम का भागू नये? याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांतील मानसशास्त्राने बऱ्याच नेमकेपणाने दिले आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि त्याचा सहकारी पॉल चँडलर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की आकृती आणि तिचा अर्थ लावण्यास आवश्यक मजकूर एकमेकांपासून दूर असले, तर शिकणाऱ्याची बुद्धी त्यांची सांगड घालण्यातच शिणते. कार्टरची समजूत बरोबर होती, असाच याचा अर्थ. पण त्याच प्रयोगमालेत हृदय व रक्ताभिसरण यांच्या आकृतीबाबत आणखी एक गोष्ट आढळली: आकृती स्वयंस्पष्ट असताना तेच शब्दांत पुन्हा सांगणारा मजकूर तिच्यात घातला, तर शिकणे सोपे होण्याऐवजी अवघड होते. आपल्याकडचे रंगीत तक्ते, ज्यांत एका हृदयाभोवती तीस नावे आणि खाली चार परिच्छेद दाटीवाटीने बसविलेले असतात, त्यांच्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे.

दुसरे उत्तर आठवणीविषयीचे आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुन्हा वाचावयास लावला आणि दुसऱ्याला तो न पाहता आठवून लिहावयास लावला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, ८१ टक्क्यांना ७५ टक्के; परंतु आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात ५६ टक्के भाग उरला होता आणि पुन्हा वाचणाऱ्यांच्या ध्यानात ४२ टक्के. उतारा शारीरावरचा नव्हता. तरी नाव लिहिलेली आकृती न्याहाळणे आणि कोऱ्या आकृतीवर नाव स्वतः नेऊन ठेवणे यांतला फरक याच जातीचा आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील ‘स्पॉटर’ची परीक्षा, जिच्यात टेबलावरच्या नमुन्यात टाचणी खोचून तिला चिटोऱ्याची झेंडी लावलेली असते आणि घंटा वाजली की विद्यार्थ्याला पुढच्या टेबलाकडे सरकावे लागते, ती धडकी भरविणारी असली तरी शिकविणारी असते, ती यामुळेच. विन कॅपिट आणि लॉरेन्स एल्सन यांनी १९७७ मध्ये काढलेले रंग भरण्याचे शारीरपुस्तक याच तत्त्वाचे सौम्य रूप होय: त्यात अवयवाचे नाव पोकळ अक्षरांत छापलेले असते, आणि विद्यार्थ्याने नाव व अवयव दोन्ही एकाच रंगाने रंगवावयाचे असतात, म्हणजे संबंध त्याच्या हातूनच जुळतो.

नावे लावण्याचा खेळ पाटीवर, पुठ्ठ्यावर किंवा संगणकाच्या पडद्यावर कसाही रचला, तरी रचणाऱ्याने काही खाचाखोचा ध्यानात घेणे भाग आहे. आठ जागा आणि आठच नावे दिली, तर शेवटचे नाव विचार न करता मिळते आणि शेवटून दुसऱ्याचा निकाल नाणेफेकीने लागतो. म्हणून आठ जागांना दहा-अकरा नावे द्यावीत आणि जादा नावे निरर्थक न निवडता जेथे खरोखर गल्लत होते तीच निवडावीत: श्वासनलिकेपाशी अन्ननलिका, वृक्कापाशी अधिवृक्क ग्रंथी. दर्शक रेघ अवयवाच्या काठाशी थांबली, तर ती जठराची भिंत दाखवते की पोकळी की मागचे स्वादुपिंड, हे कळत नाही. तिचे टोक ठिपका देऊन अवयवाच्या आत नेले पाहिजे. डाव्या-उजव्याचा घोळ तर सनातन आहे. आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असल्यामुळे त्याचे डावे ते आपले उजवे, ही गोष्ट शिक्षक एकदा सांगून मोकळा होतो आणि विद्यार्थी पुढची दोन वर्षे यकृत डावीकडे लिहीत राहतो. यावर सोपा इलाज आहे. कापडी एप्रनवर पट्ट्यांनी चिकटणारे कापडी अवयव करून तो एप्रन विद्यार्थ्यालाच घालावा. आकृती त्याच्याच अंगावर आली, की उजवे हे उजवेच राहते.

रंगाचे प्रकरण याहून फसवे आहे. प्राणवायूयुक्त रक्त तांबडे आणि प्राणवायू कमी असलेले निळे, हा तक्त्यांचा संकेत; विद्यार्थी मात्र त्याचा अर्थ धमनी तांबडी आणि शिरा निळी असा करतो. मग हृदयाच्या उजव्या जवनिकेतून निघणारी फुप्फुसधमनी निळी पाहून तो तिला बेधडक शिरा म्हणतो आणि डाव्या कर्णिकेत येणाऱ्या तांबड्या फुप्फुसशिरांना धमन्या ठरवितो. त्यातच युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का लोकांना तांबड्या-हिरव्या छटांचा भेद नीट कळत नाही, असे मोजमाप आहे. अशांना हिरवे पित्ताशय तांबूस-तपकिरी यकृतात विरून जाताना दिसते. तेव्हा रंगाच्या जोडीला रेघांची जात, ठिपक्यांचा पोत किंवा बाणाची दिशा यांपैकी काहीतरी हवेच. आणि ते आणले, की फुप्फुसधमनीचा घोळही आपोआप कमी होतो, कारण बाण हृदयाकडून बाहेर जातो हे आता सर्वांनाच दिसते.

संगणकावरच्या या खेळांत नाव बोटाने वा माउसने उचलून ओढत नेण्याची पद्धत फार आहे. कंपवाताने, पक्षाघाताने किंवा जन्मजात दोषाने ज्याचा हात स्थिर राहत नाही, त्याच्या बाबतीत ही परीक्षा शारीराची न राहता हाताच्या कसबाची होते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या नियमावलीत म्हणूनच अशी अट घातली आहे, की ओढण्याची प्रत्येक क्रिया न ओढताही, केवळ टिचकी मारून करता आली पाहिजे, आणि टिचकीची जागा सर्वसाधारणपणे किमान २४ बाय २४ पिक्सेल असावी. संपूर्ण व्यवहार केवळ कळफलकाने करता यावा, ही अट त्याआधीपासूनच आहे. अंमलबजावणी काही अवघड नाही. अवयवांना आकडे द्यावेत आणि आकड्यासमोर नाव निवडण्याची सोय ठेवावी. पुठ्ठ्याच्या खेळातही हाच पर्याय चालतो: मुलाने आकडा आणि नाव बोलावे, शेजाऱ्याने चिठ्ठी लावावी. श्रवणदोष असलेल्या मुलासाठी मात्र शिक्षकाला स्वतःची एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे आकृतीकडे बोट करीत एकदमच बोलत राहण्याची. कारण ते मूल दुभाष्याच्या हातांकडे आणि तक्त्याकडे एकाच वेळी पाहू शकत नाही. आधी सांगावे, मग थांबावे, मग दाखवावे.

ज्याला आकृतीच दिसत नाही, त्याच्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आजवर या खेळातून सर्वांत सहजपणे वगळला गेला तो हाच. उंचवट्याच्या रेघांची स्पर्शाकृती त्याला वाचता येते. परंतु तिच्यावर नाव लिहिण्याची पाळी आली, की कार्टरची पद्धत साफ कोसळते. ब्रेलचे अक्षर लहान करता येत नाही. सहा टिंबांचे एक घर शेजारच्या घरासह सुमारे सहा मिलिमीटर जागा घेते. ‘स्वादुपिंड’ हा शब्द भारती ब्रेलमध्ये लिहावयास दहा घरे, म्हणजे सहा सेंटिमीटर लागतात, आणि तेवढे रुंद तर आकृतीतले स्वादुपिंडही नसते. मग उपाय एकच उरतो: अवयवावर एकदोन अक्षरांची खूण ठेवावी आणि पूर्ण नावे वेगळ्या पानावर यादीवार द्यावीत. म्हणजे व्हेसेलियसची पद्धत, जी डोळस विद्यार्थ्याच्या दृष्टीने गैरसोयीची म्हणून मागे पडली, तीच बोटांनी वाचणाऱ्याच्या कामी येते. कारण त्याचा एक हात आकृतीवर आणि दुसरा यादीवर एकाच वेळी राहू शकतो, आणि डोळ्याला पडणारा हेलपाटा त्याला पडत नाही. स्पर्शाकृतीसाठी फार महागडे साहित्य लागते असेही नाही. जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून देहाची सीमारेषा, आतड्याला दोरी, यकृताला खरखरीत कापड, फुप्फुसाला स्पंज, असे ठेवले की पोताने अवयव ओळखता येतो. एका तक्त्यावर चार-पाच अवयवांहून अधिक गर्दी मात्र करू नये, कारण बोट डोळ्यासारखे एका दृष्टिक्षेपात सारे गोळा करीत नाही.

शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यापाशी एक तक्ता फुकट आहे, तो म्हणजे त्याचे स्वतःचे अंग. गळ्याखालची दोन आडवी हाडे, त्यांच्या मधला खळगा, तेथून खाली बोट नेले असता उरोस्थीवर लागणारा आडवा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेली दुसरी बरगडी. मान वाकविली असता बोटाला लागणारा सातव्या मणक्याचा उंचवटा. कोपराचे टोक, गुडघ्याची वाटी, अंगठ्याच्या मुळाशी उडणारी नाडी: या खुणांवर नावे लावण्याचा खेळ डोळस आणि अंध विद्यार्थी एकाच बाकावर बसून, एकाच अटीवर खेळू शकतात. दुसऱ्या बरगडीपासून पुढच्या बरगड्या मोजत जाण्याची ही रीत डॉक्टर रोग्याला तपासताना वापरतो, हे मुलांना सांगितले म्हणजे खेळाला एक वेगळीच प्रतिष्ठा येते.

पडदा वाचून दाखविणाऱ्या संगणकीय वाचकासाठी आकृतीला जो लेखी पर्याय द्यावा लागतो, त्यात एक मजेदार पेच आहे. प्रश्न ‘क्रमांक ४ चे नाव काय’ असा असताना पर्यायी मजकुरात ‘यकृत’ असे लिहिले, तर उत्तर फुटते. ‘पचनसंस्थेची आकृती’ एवढेच लिहिले, तर काहीच कळत नाही. मार्ग असा, की नाव न घेता जागा सांगावी: ‘क्रमांक ४: श्वासपटलाच्या लगेच खाली, मुख्यतः उजव्या बाजूस, पोटातील सर्वांत मोठा, पाचरीच्या आकाराचा अवयव, त्याच्या खालच्या पृष्ठभागाला नासपतीच्या आकाराची लहान पिशवी चिकटलेली.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला शारीर नीट माहीत असावे लागते, आणि उत्तर देणाऱ्यालाही जागा, शेजार आणि आकार यांवरून अनुमान करावे लागते. पाठ केलेल्या क्रमाचा येथे काही उपयोग होत नाही. हा प्रश्न अंध विद्यार्थ्यासाठी म्हणून तयार झाला, परंतु मला तो मूळ आकृतीच्या प्रश्नाहून सरस वाटतो आणि साऱ्या वर्गालाच घालण्याजोगा वाटतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची दखल घेतली असून ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षे वयापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व योग्य उपकरणे विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणे यांच्यावर टाकली आहे. परीक्षामंडळांनीही काही तजवीज केली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकांत आकृतीच्या प्रश्नाऐवजी दृष्टिबाधित परीक्षार्थींसाठी वेगळा प्रश्न छापलेला आढळतो. ही सवलत दयाळूपणाची खरी. पण पुष्कळदा तिचा अर्थ असा होतो, की अवयवांच्या जागा त्या विद्यार्थ्याला विचारावयाच्याच नाहीत, आणि जे विचारले जाणार नाही ते वर्गात शिकविलेही जात नाही. वर लिहिलेल्या जातीचे वर्णनात्मक प्रश्न त्या ठिकाणी घालता येण्याजोगे आहेत, आणि त्यासाठी नव्या कायद्याची किंवा मोठ्या खर्चाच्या मंजुरीची जरुरी नाही.

शाळेत शिकविणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की पुढच्या खेपेस हृदयाची आकृती फळ्यावर काढाल तेव्हा तिला नावे देऊ नका. चार कप्प्यांना आकडे द्या, रक्त कोठून येते आणि कोठे जाते ते तोंडी सांगा, आणि नावे मुलांकडून घ्या, आकृती दिसत नसलेल्या मुलाकडून सर्वांत आधी.